लगीन राहिलेली बायको

आमचा मुलूख महाराजांचा, मुंबई इंग्रजांची, आणि माझा नवरा आफ्रिकेत. म्हणजे राहायचं एकाच्या राज्यात, परवाना मागायला उभं राहायचं दुसऱ्याच्या राज्यात, आणि जायचं तिसऱ्याच मुलखात. आजच्या पोरींना हे सांगितलं की त्यांना वाटतं म्हातारी घोळ घालते. मुंबई आपलीच ना, म्हणतात. तेव्हा नव्हती, बायांनो. जव्हारची हद्द संपली की नाक्यावर शिपाई उभा असायचा, गाडीतलं गवत उपसून बघायचा, आणि तिथून पुढे आमच्या महाराजांचा शब्द चालत नव्हता.

मी लिहायला फार उशिरा शिकले. जव्हारच्या दवाखान्यात झाडलोट करता करता बाळंतिणींपाशी थांबू लागले, आणि डॉक्टरांच्या बाईंनी रिकाम्या दुपारी माझ्या हातात पाटी दिली. त्यामुळे बोलते पाड्याची भाषा आणि लिहिते दवाखान्याची, असं माझं झालंय. दोन्हीकडचे लोक नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. ही गोष्ट माझ्याशिवाय सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि एका साहेबानं ती लिहून ठेवली होती ती अगदीच उफराटी.

मी मोखाड्याकडची. नवरा साखरशेताच्या पलीकडच्या पाड्यावरचा. आम्ही वारली. त्याच्या घरच्यांनी येऊन माझ्या बापाला मागणी घातली, दोन्हीकडची जाणती माणसं ताडी पीत बसली, आणि उन्हं कलायच्या आत मी टोपलीत दोन लुगडी घालून त्याच्या मागून चालू लागले. झाले मी त्याची बायको. पाड्यानं तसंच मानलं. सासूनं चुलीपाशी जागा दिली, दिरांनी वहिनी म्हटलं, आणि पहिल्या दिवसापासून घरातली सगळी कामं हक्कानं माझ्या गळ्यात पडली.

लगीन ही आमच्यात वेगळी गोष्ट. त्याला सगळा पाडा जेवू घालावा लागतो, पाहुणे सांभाळावे लागतात. घराच्या भिंतीवर गेरू देऊन तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा, आणि धवलेरीला बोलवायचं. धवलेरी म्हणजे आमचं लगीन लावणारी बाई. भटजी नाही, पोथी नाही. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनी लगीन लागतं. एवढं सगळं करायचं तर कणगीत भात जास्तीचं असावं लागतं. ते कधी असतं? म्हणून कुणाचं लगीन दोन पोरांनंतर होतं, कुणाचं चार पोरांनंतर. बापाचं आणि लेकाचं एकाच मांडवात लागलेलंही मी पाहिलंय. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नवरा-बायको तर माणसं आधीपासूनच असतात, लगीन सवडीनं उरकायचं असतं. आमचंही तसंच राहिलं होतं. पहिल्या वर्षी भात कमी आलं, दुसऱ्या वर्षी सासरा गेला, आणि तिसऱ्या वर्षी नवराच आफ्रिकेला गेला.

तो लाकूड चिरायचा. मोठ्या ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या तर तेव्हा खड्डा खणायचे, त्यावर ओंडका आडवा टाकायचे, आणि लांब करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं. एक ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. माझा नवरा वरचा, त्याचा चुलतभाऊ खालचा. वरच्यानं रेघ धरायची, खालच्यानं ओढायचं आणि भुसा डोळ्यांत घ्यायचा. लहानपणापासूनची जोडी होती ती. दुसऱ्या कुणाबरोबर लावलं की दोघांचंही काम बिघडायचं. जव्हारच्या रानात लाकडाचा ठेका घेतलेल्या एका शेठचा आफ्रिकेतही धंदा होता. त्यानं ही जोडी पाहिली आणि कराराचा अंगठा घेऊन दोघांना आगबोटीत बसवलं. माझी लेक तेव्हा पोटात होती.

ती चालू बोलू लागली, शेळ्यांमागे धावू लागली, तरी बापाला तिनं पाहिलेलं नव्हतं. मग एके दिवशी शेठचा मुनीम पाड्यावर आला. काळी टोपी, पान खाल्लेलं तोंड. म्हणाला, शेठनं माणसांना खोल्या बांधून दिल्यात, बायकापोरांना आणायला हरकत नाही, तुझ्या धन्यानं तुला आणि पोरीला बोलावलंय. तिकीट शेठचं. फक्त मुंबईला साहेबासमोर जाऊन परवाना घ्यायचा.

फक्त! त्या एका शब्दावर मी किती उड्या मारल्या. शेळ्या दिरांच्या हवाली केल्या. नागलीची पोती सासूपुढे ठेवली. पाड्यातल्या बायकांनी मला विचारलं, तिकडे भात होतो का गं? मी ठोकून दिलं, होतो. जसं काही मी तिथं पेरून आले होते.

घाट उतरून बैलगाडीनं डहाणूला आणि तिथून आगगाडीनं मुंबईला. वाटेत मुनीम माझी उजळणी घेत होता. राज्य कुठलं, गाव कुठलं, नवरा काय करतो, कुठल्या शेठकडे. दरबारच्या कारकुनानं आम्ही महाराजांची रयत असल्याचा शिक्का मारलेला कागद दिला होता, तो मुनीमाच्या कोटात होता. लग्नाचं त्यानं काही विचारलं नाही. त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण त्याच्या जातीत बायको म्हटली की लग्न झालेलंच. माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या जातीत तसं नसतं. घोडं नेमकं तिथंच पेंड खाणार होतं आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

कचेरीत बाकावर बसवलं. शेजारी एक कच्छी बाई तीन पोरं घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं आणि पान खाऊन थुंकावं इतक्या वेळात ती बाहेर आली, हसत. मला धीर आला. म्हटलं, हे तर सोपंच दिसतंय.

साहेब खिडकीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. बोलायचा तो दुभाष्या. आपला मराठी माणूस, शेंडी, उपरणं, आणि बोलणं असं स्वच्छ की मला निम्मं कळेना. राज्य, गाव, नवरा, शेठ, सगळं मी घडाघडा सांगितलं. मुनीमानं ऐकलं असतं तर खूश झाला असता.

मग दुभाष्यानं विचारलं, "लग्न कधी झालं?"

मला हसू आलं. आमच्याकडे हे विचारलं की बाई लाजून हसतेच. म्हटलं, "लगीन व्हायाचा हाय अजून."

त्यानं मान वर केली. "काय म्हणालात?"

"लगीन राहिलाय. भात पुरला नाय. तो येल तव्हा करू."

"आणि ही मुलगी?"

"त्याचीच हाय. कान बघा ना तिचं."

दुभाष्यानं साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, मी पुन्हा विचारतो. लग्न झालं, एवढंच म्हणा. साल कुठलंही सांगा."

"नाय झाला तर झाला कसा बोलू?" मी म्हणाले. "उद्या पाड्यात कोणी इचारला तर? लगनात जेवला कोण, ता सांगाय नको?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असेल. पण मला आजही ते चुकलं असं वाटत नाही. माझ्या पाड्यातल्या कुणीही हेच सांगितलं असतं. न झालेलं लगीन झालं म्हणणारी बाई आमच्यात चोरटी ठरते, कारण तिनं सगळ्यांचं जेवण बुडवलं. हे त्या शेंडीवाल्याला मी कुठल्या भाषेत समजावणार होते?

साहेब काहीतरी दोन वाक्यं बोलला. दुभाष्यानं ती माझ्यापुढे मांडली: लग्न न झालेल्या बाईला कुणाची बायको म्हणून पाठवता येत नाही. लग्न करा, पुरावा आणा, मग या.

बाहेर आल्यावर मुनीमानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मुझे पूछना था ना बाई!" तो ओरडत होता. मीही ओरडले. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आता काय करू सांगा, म्हटलं. लेक दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला कधी शंकाही आली नव्हती की मी त्याची बायको नाही असं कुणी म्हणू शकतं. आणि एका माणसानं बसल्या जागी तसं म्हटलं आणि ते लागूही झालं. तो माझ्या पाड्यावर आलेला नव्हता. सासऱ्याच्या शेवटच्या आजारात मी काय काय उपसलं ते त्याला पुढेही कधी कळणार नव्हतं. तरी त्याचंच खरं.

घरी आले. नेऊन ठेवलेल्या शेळ्या परत आणल्या. बायका विचारत, कव्हा जातंस? मी म्हणायची, लगीन झालं की. त्यांना ती थट्टा वाटायची. नवरा समुद्रापार, लगीन कुणाशी?

मी धवलेरीकडे गेले. तोवर ती फार म्हातारी झाली होती, डोळ्यांनी अधू. तिला म्हटलं, त्याचं मुंडासं ठेवू मधे, त्याचा कोयता ठेवू, तू गाणी म्हण आणि लगीन लाव. तिनं हातानं माझं तोंड चाचपलं. मग म्हणाली, "पोरी, नवरा ऐकाय नको? गाना काय मुंडासा ऐकतो?" मी रडले, पाया पडले. ती म्हणाली, रड, पण मी नाय गाणार. तिचा राग आला मला तेव्हा. मुंबईची कचेरी आणि ही आंधळी म्हातारी, दोन्ही एकाच बाजूची वाटली. पण ती खोटं गाणार नव्हती, जसं मी खोटं बोलले नव्हते. आमची जातच ही अशी, सरळ चालून काट्यात पाय देणारी.

मुनीमाकरवी निरोप गेला. उत्तर यायला अख्खा पावसाळा लागला. नवरा येत होता. शेठनं माघापुरती मोकळीक दिली होती, ती एका अटीवर. ठरल्या आगबोटीनं तो परत आला नाही, तर जोडी मोडली असं धरून खालच्यालाही काढून टाकणार. म्हणजे माझा चुलतदीर तिकडे एकटा, करवतीचं एक टोक धरून, माझ्या लगनासाठी जामीन राहिला होता.

तो आला तेव्हा लेक त्याला बघून कणगीमागे लपली. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पायात बूट. मीही क्षणभर बिचकले. त्यानं बूट काढले, अंगणात उकिडवा बसला आणि पाणी मागितलं, तेव्हा तो मला सापडला. लेकीला मात्र वेळ लागला. मग एकदा जडली ती इतकी, की तो रानाकडे गेला तरी ही दारात वाट बघत बसायची.

लगीन लागलं. त्या दिवसांबद्दल लिहिताना आजही माझं मन हलकं होतं, आणि लगेच मी त्याला दाबून टाकते. भाताची पोती भावकीनं आणून टाकली. बायकांनी भिंतीला गेरू दिला, पीठ कालवलं, चौक लिहिला. मला थट्टेनं हैराण केलं. एक म्हणाली, "आमची लगना भातानं अडतात, हिचा साहेबानं अडवला." दुसरी म्हणाली, "मंग साहेबाला नारळ पाठव, त्याचा मान हाय." म्हातारी धवलेरी दोघींच्या आधारानं आली आणि बसली ती चौकासमोर गातच राहिली. आवाज फुटका झाला होता, पण एक ओळ चुकली नाही. माझ्या अंगावर हळद होती. माझी लेक नवं लुगडं नेसून ढोलापुढे नाचत होती, दम लागला की बापाच्या मांडीवर येऊन पडत होती, परत उठून नाचत होती. मला वाटलं, आता साहेबाच्या बापालाही नाही म्हणता यायचं नाही.

दरबारच्या कारकुनाकडे जाऊन आम्ही लगनाचा दाखला घेतला. मुनीम म्हणत होता, मागची मिती घालून घ्या. कारकून म्हणाला, महाराजांच्या शिक्क्याखाली मी खोटी मिती घालणार नाही. नवऱ्यालाही ते पटलं नाही. पहिल्या खेपेला मी काय सांगितलं ते साहेबाच्या दप्तरात असणारच, आता दुसरं काही सांगितलं तर दोन्ही खोटी ठरतील, असं तो म्हणाला. शहाणपणाचंच बोलला.

आगबोट सुटायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत हजर झालो. गाठोडी बरोबरच होती. परवाना हातात पडला की तिघांनीही बंदरावरच जायचं, असं ठरलं होतं. साहेब बदललेला. दुभाष्या तोच. मला ओळखून तो किंचित हसला, आणि मी देवाला मनात नमस्कार केला.

नवऱ्याला आधी बोलावलं. तो बाहेर आला तर त्याला शिपायानं खाली जाऊन थांबायला लावलं, माझ्याशी एक शब्द बोलू दिला नाही. मग मला आणि लेकीला आत घेतलं.

हा साहेब तरुण होता. तोंड दिसत होतं, गोरं आणि थकलेलं. दाखला पुढे ठेवून त्यानं दुभाष्याला काही विचारलं.

दुभाष्या म्हणाला, "मागच्या खेपेला तुम्हाला परवाना नाकारला. त्यानंतर हे लग्न लावलंत?"

"व्हय."

"कशासाठी?"

मी चक्रावले. "तुमीच बोललेत ना! लगीन करा, मंग या. केला. आले."

दुभाष्यानं डोळे मिटले आणि उघडले. जसं बोलले तसं त्यानं साहेबाला सांगितलं असावं. साहेबानं लिहून घेतलं. मग बराच वेळ तो दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होता, पहिल्या खेपेचा आणि आताचा. पहिल्या कागदात लगीन नव्हतं म्हणून मी बायको नव्हते. दुसऱ्यात लगीन होतं, तर ते कालपरवाचं होतं. शेवटी त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या लेकीकडे बोट केलं.

दुभाष्यानं तिला प्रेमानंच विचारलं, "बाळ, तुझे आई-बाप नवरा-बायको आहेत ना?"

"व्हय," लेक म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

एवढा वेळ गप्प बसून ती कंटाळली होती, आणि हे तर तिचं आवडतं होतं. ती मान उडवून म्हणाली, "मना नाय ठावा? मी नाचले ना आयच्या लगनात! सगळ्यांपक्षी जास्त मीच नाचले."

दारातला शिपाई हसला. कोपऱ्यात लिहीत बसलेले दोघं हसले. दुभाष्यानं साहेबाला सांगितलं, आणि साहेबही हसला. ते हसू दुष्टाव्याचं नव्हतं, हेच मला सोसवत नाही. त्यांना ती गंमत वाटली. सगळे हसतात म्हणून लेकही हसली, आणि उठून दोन पावलं नाचून दाखवली.

हसणं थांबल्यावर साहेबानं लिहिलं. परवान्यासाठी लावलेलं लग्न. पोर या माणसाची आहे याला आधार नाही. दुभाष्या मला हे सांगताना दाखल्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, आमच्या पाड्यावर चला, भिंतीवर चौक अजून ओला असल (तो वाळून कधीच खडखडीत झाला होता, पण माझ्या तोंडून तसंच निघालं). दुभाष्या म्हणाला, "बाई, पुढची माणसं खोळंबलीत."

नवरा खाली गाठोड्यांपाशी बसला होता. लेक धावत गेली आणि त्याच्या गळ्यात पडून सांगू लागली, मी साहेबाला नाचून दाखवला, साहेब हसला. त्यानं तिच्या डोक्यावरून माझ्या तोंडाकडे पाहिलं. सगळं कळलं त्याला. तिला उचलून घेत तो म्हणाला, "बरा केलास. खरा तेच सांगितलास." त्या माणसाशी मी आयुष्यात पुष्कळ भांडले असेन, पण त्या एका वाक्यासाठी मी त्याची सातजन्माची ऋणी आहे. त्यानं माझ्या लेकीला त्या दिवशी वाचवलं.

मग मला म्हणाला, "मी नाय जात."

मला दुसरं काहीही नको होतं. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि खड्ड्यात उभा असलेला चुलतदीर डोळ्यांपुढे आला. त्याची बायको आमच्याच पाड्यावर दोन पोरं घेऊन बसली होती. तो काढला गेला असता तर परत यायला त्याच्याकडे वाट नव्हती. मी म्हटलं, "जा. तो एकला काय करल?" नवऱ्यानं गाठोडं सोडलं. आपल्या गाठोड्यातून माझी लुगडी आणि लेकीचे परकर त्यानं वेगळे काढले. नागलीच्या भाकऱ्या आमच्याकडे राहू दिल्या. दुसऱ्या दिवशी बंदरावर माणसांच्या मागे उभं राहून मी आगबोट बघितली, पण तो कुठल्या बाजूला होता ते मला दिसलं नाही.

लोक विचारतात, साहेबाला शिव्या नाही दिल्यास? दिल्या, रोज दिल्या. पण शिव्यांनी काय होतं? त्याच्या कायद्यात आमच्यासारखी माणसं बसतच नव्हती. एकदा लगीन नाही म्हणून आणि एकदा आहे म्हणून, दोन्हीकडून त्यानं मला बाहेरच ठेवलं. मी किती वर्षं तेच उगाळत बसले. वेगळं काय बोलायला हवं होतं, कुठल्या सवालाला काय? रात्रंदिवस सवाल बदलून बघितले. माझी उत्तरं बदलत नव्हती, कारण दुसरं काही घडलंच नव्हतं. जीव नको वाटायचा. लेकीसाठी चूल पेटवायची तेवढी पेटवत होते.

तिला पुढे मोठेपणी ते हसणं कशाचं होतं ते कळलं. कुणी सांगितलं मला माहीत नाही, मी तरी सांगितलं नाही. एके दिवशी रानातून मोळी घेऊन आली ती तशीच माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यापायी ना?" मी म्हटलं, नाही गं. तिनं मोळी टाकली आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही.

चुलतदीर परत आला तेव्हा लेक लग्नाच्या वयाची झाली होती. तो एकटाच आला. करार संपला होता. पाड्यात शिरला तो सरळ माझ्या दारात, स्वतःच्या घरीही गेला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. ओंडका घसरला. वरचा माणूस ओंडक्याबरोबर खाली आला. तो म्हणत होता, मी खड्ड्यात होतो, मी मरायला हवा होतो वहिनी, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या बायका जमल्या. आमच्यात नवरा गेल्यावर बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडतात. एकीनं माझ्यापुढे पाटा ठेवला, दुसरीनं वरवंटा घेतला.

तेव्हा माझी लेक मधे आली. तिनं माझी दोन्ही मनगटं घट्ट धरली आणि बायकांवर ओरडली, "नाय फोडायच्या! साहेब बोलला ना, ता लगीन खोटा हाय? मंग आता खरा कसा झाला?"

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. तिची बोटं इतकी रुतली होती की माझ्या हातांना कळ लागत होती. मी ती एकेक करून सोडवली.

"ता साहेबाचा बोलना," मी तिला म्हटलं. "आपला नाय."

आणि मी पाट्यावर हात ठेवला.